जलपरीची खतावणी

या सदराच्या एका वाचक-भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांची मागणी साधी होती. सुट्टीच्या दुपारी सासूबाई, आपण उभयता आणि मुले अशा तीन पिढ्यांना एकत्र बसून पाहता यावा, ज्यात मारामारी नसावी, रडारड नसावी आणि ज्याच्या शेवटी सर्वांनी हसतमुखाने चहाला उठावे, असा एखादा जुना इंग्रजी चित्रपट सुचवावा. पत्राच्या तळाशी त्यांनी एक ओळ पुस्ती म्हणून जोडली होती : 'आमच्या घरी पेढीचे बोलणे रविवारीही थांबत नाही, तेव्हा निदान चित्रपटात तरी व्यापार नको.'

पहिल्या साऱ्या अटी पुरवणारा चित्रपट माझ्या मनात तत्काळ आला. शेवटची अट मात्र तो मोडतो. त्याचे नाव 'नेपच्यून्स डॉटर', म्हणजे सागरदेवतेची कन्या. मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेने तो १९४९ मध्ये रंगीत स्वरूपात प्रदर्शित केला. दिग्दर्शक एडवर्ड बझेल आणि नायिका एस्थर विल्यम्स. आपल्याकडील जुन्या मुंबईकरांना ही चित्रसंस्था परकी नाही. धोबी तलावाजवळचे मेट्रो चित्रपटगृह तिनेच आपली चित्रे दाखविण्यासाठी १९३८ मध्ये उभारले होते. चित्रपट पोहण्याचा आणि पोहण्याच्या पोशाखांचा असला, तरी त्याची वृत्ती निर्मळ आहे. आजींनी उठून जावे असे त्यात काही नाही.

कथेचा आरंभच भागीदारीने होतो. ईव्ह बॅरेट ही नामांकित जलतरणपटू. जो बॅकेट नावाचा एक उत्साही गृहस्थ तिच्याकडे प्रस्ताव घेऊन येतो : पोहण्याच्या पोशाखांचा व्यवसाय काढू, भांडवलाची व विक्रीची चिंता माझी, आराखडे आणि नाव तुझे. ईव्ह प्रथम कचरते, पण पुढे भागीदार होते. ती पोशाखांचे आराखडे करते, स्वतः ते घालून पाण्यात उतरते आणि धंदा भरभराटीस येतो. १९४९ सालच्या करमणुकीच्या चित्रपटात नायिका पगारदार नोकर नाही, कोणाची कन्या म्हणून गादीवर बसलेली नाही, तर हिश्शाची मालकीण आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटू नये.

मग शहरात दक्षिण अमेरिकेचा पोलो संघ येतो आणि गोंधळास प्रारंभ होतो. ईव्हची बहीण बेट्टी भाबडी आणि प्रेमात पडण्यास सदैव सिद्ध. पोलो क्लबात ती संघनायक होसे ओरूर्क याचा शोध घेत जाते आणि तिथल्या मालिशवाल्यालाच तो समजून बसते. हा मालिशवाला म्हणजे विनोदी नट रेड स्केल्टन. कधी नव्हे ते कोणी आपल्याकडे कौतुकाने पाहते आहे, हे ध्यानी येताच बिचारा सत्य सांगण्याचे टाळतो आणि स्पॅनिश भाषा शिकविणाऱ्या तबकडीच्या आधाराने प्रियाराधन करू लागतो. इकडे धाकटीचे मन दुखावले जाईल या धास्तीने ईव्ह खऱ्या होसेला गाठून खडसावते. ज्याने बेट्टीला कधी पाहिलेलेही नाही, असा तो संघनायक क्षणभर चक्रावतो. पण समोरची कोपिष्ट तरुणी त्याला इतकी आवडते की गैरसमज दूर करण्याची त्याला मुळीच घाई वाटत नाही. ही भूमिका मूळच्या मेक्सिकोच्या रिकार्डो माँटल्बन याने केली आहे. पुढे सट्टेबाजांची एक टोळी संघनायकाला पळवू पाहते, पळविते मात्र मालिशवाल्याला. आणि ज्याला धड घोड्यावर बसता येत नाही त्याला अखेरीस पोलोच्या मैदानात उतरावे लागते. यापुढचे सांगून आपल्या हसण्यातून वजावट करू इच्छीत नाही.

चित्रपटातील एका गाण्याने ऑस्कर पारितोषिक मिळविले. 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' हे ते द्वंद्वगीत. ती घरी जाण्यास निघालेली, तो बाहेरच्या थंडीचे निमित्त सांगून तिला थांबवू पाहणारा. अलीकडच्या काळात या गीतावर आक्षेपही घेतले गेले आहेत, की स्त्रीच्या नकाराला त्यात पुरेसा मान नाही. घरातील तरुण मुलींनी तसे म्हटले तर त्यांचे ऐकून घ्यावे. चर्चा करण्याजोगी गोष्ट आहे. परंतु चित्रपटात हे गीत दोनदा येते हेही त्यांना दाखवावे. दुसऱ्या वेळी जोडी बदलते आणि भूमिकाही उलटतात : जाऊ पाहतो तो पुरुष आणि दार अडवते ती बेट्टी! गीतकार-संगीतकार फ्रँक लोसर यांनी ते मुळात १९४४ मध्ये, पत्नीसह घरच्या मेजवानीत पाहुण्यांपुढे गाण्यासाठी रचले होते. पुढे त्यांनी ते चित्रसंस्थेला विकले, तेव्हा पत्नी फार दुखावली. तिच्या लेखी ते त्या दोघांचे घरचे गाणे होते. घरातील कोणती वस्तू दुकानात मांडावी आणि कोणती मांडू नये, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांना नवा नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण या चित्रपटांचे खरे आकर्षण तेच. शेवटच्या जलनृत्यात एस्थर विल्यम्स पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हसते, वळते, वर येते. तिचा एक केस विस्कटलेला नसतो आणि श्वास रोखल्याची एक रेषाही चेहऱ्यावर नसते. पाहणाऱ्याला वाटते, हिला हे सारे जन्मतःच अवगत असावे. प्रत्यक्षात त्यामागे मोठा कारखाना राबत होता. १९४४ च्या 'बेदिंग ब्यूटी' या तिच्या चित्रपटासाठी संस्थेने कॅलिफोर्नियातील आपल्या आवारात, चित्रीकरणाच्या तिसाव्या दालनात ९० फूट लांब, ९० फूट रुंद आणि २० फूट खोल असा तलाव बांधला. त्यावर अडीच लाख डॉलर खर्च झाले. पाण्यातून नर्तिकांना वर उचलणारे यांत्रिक पाट, श्वासासाठी दडविलेल्या हवेच्या नळ्या, उंचावरून चित्रण करणाऱ्या याऱ्या, अशी सारी व्यवस्था त्यात होती. केसांचे रहस्य मात्र आपल्या आजींना चटकन पटेल : कोमट तेल आणि व्हॅसलिन एकत्र करून ते केसांत जिरविले जाई आणि त्यावर वेण्या घट्ट बसविल्या जात.

या हास्याची किंमत शरीराने मोजली. वारंवार खोल पाण्यात उतरल्याने तिच्या कानांचे पडदे अनेकदा फाटले. १९५२ च्या 'मिलियन डॉलर मर्मेड' या चित्रपटात तिने धातूचा मुकुट घालून उंच मनोऱ्यावरून सूर मारला. पाण्यावर आदळताच मुकुटाने मान मागे ढकलली आणि मणक्याची तीन हाडे मोडली. कित्येक महिने ती प्लास्टरमध्ये होती. पडद्यावर हे काही दिसत नाही. मालाच्या दर्शनी बाजूला टाके दिसू नयेत, हा त्या धंद्याचाही नियम होता.

ही मुलगी आली कोठून? तिचा जन्म १९२१ चा, कॅलिफोर्नियातील इंगलवूड गावचा. पाच भावंडांत सर्वांत धाकटी. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. गावच्या सार्वजनिक तलावात पोहण्यास पाच सेंट पडत आणि तेवढेही घरून मिळणे सोपे नव्हते. म्हणून तिने तिथे टॉवेल मोजण्याचे काम पत्करले. टॉवेल मोजावेत आणि त्या मोबदल्यात पोहावे. तलावावरच्या जीवरक्षकांनी तिला हात मारण्याचे असे प्रकारही शिकविले, जे त्या काळी पुरुषांचेच मानले जात. तिच्या पुढच्या साऱ्या वैभवाच्या वहीतील पहिली नोंद ही अशी आहे : श्रम जमा, पाणी नावे.

१९३९ मध्ये ती शंभर मीटर मुक्तशैलीत राष्ट्रीय विजेती झाली. डोळे १९४० च्या ऑलिंपिककडे लागले होते. ते सामने प्रथम टोकियोत, मग हेलसिंकीत व्हायचे ठरले आणि महायुद्धामुळे अखेर झालेच नाहीत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातातून आयुष्याची संधी गेली. दोष कोणाचाच नव्हता. ती लॉस एंजेलिसमधील आय. मॅग्निन या मोठ्या वस्त्रभांडारात काम करू लागली. तिथे असतानाच तिला सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातील जलक्रीडेच्या खेळात बोलावणे आले. सोबत पोहणारा होता जॉनी वाइसमुलर, आपल्याला टारझन म्हणून ठाऊक असलेला. तिथे चित्रसंस्थेच्या लोकांची नजर तिच्यावर पडली. प्रतिस्पर्धी संस्थेकडे सोन्या हेनी ही बर्फावर घसरत नाचणारी खेळाडू-नायिका होती. तिला तोडीस तोड कोणीतरी त्यांना हवी होती.

आणि येथे पाट्या रंगविणाऱ्याच्या मुलीने जो सौदा केला तो आपल्या बाजारपेठेतल्या कोणाही मुरब्बी माणसाने मान डोलवावी असा होता. करारात तिने दोन अटी घातल्या. पहिली, बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या तलावात रोज पोहण्याची मुभा संस्थेने मिळवून द्यावी. दुसरी, पहिले नऊ महिने आपल्याला कॅमेऱ्यापुढे उभे करू नये. त्या काळात अभिनय, गायन आणि शब्दोच्चार शिकवावेत. पैसे वाढवून मागण्याऐवजी तिने सराव मागितला आणि शिक्षण मागितले. जो माल अद्याप तयार नाही तो बाजारात न आणण्याचा शहाणपणा तिच्याकडे होता.

पुढची दहा-बारा वर्षे तिची होती. चित्रपटामागून चित्रपट यशस्वी झाले. पती बेन गेज हे गायक होते. उभयतांच्या नावे पेट्रोल पंप, धातूच्या वस्तूंचा कारखाना, पोहण्याच्या पोशाखांचा उद्योग, उपाहारगृह आणि स्थावर मालमत्ता अशी गुंतवणूक होती. वर्तमानपत्रे तिच्या व्यवहारचातुर्याची वाखाणणी करीत. ईव्ह बॅरेट जणू पडद्यावरून उतरून पेढीवर येऊन बसली होती.

आता या वहीचे पुढचे पान. १९९९ मध्ये तिने 'द मिलियन डॉलर मर्मेड' या नावाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात ती सांगते, की मधल्या काळात पैशाचे व्यवहार पतीच्या हाती होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विवाह मोडला, तेव्हा तिला कळले की मिळविलेले बहुतेक सारे गेलेले आहे. तिच्या अंदाजाने तो आकडा एक कोटी डॉलरच्या घरात होता, आणि वर सरकारची प्राप्तिकराची मोठी थकबाकी उभी होती. त्याआधी चित्रसंस्था सोडताना, वर्षानुवर्षे पगारातून मागे ठेवविलेली सुमारे तीस लाख डॉलरची रक्कमही हातची गेली होती. करारभंग झाला म्हणून संस्थेने ती दिली नाही. हे सर्व तिचे कथन आहे. दुसऱ्या पक्षाची वही आपल्यापुढे नाही, म्हणून न्यायनिवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु एक गोष्ट तिच्याच शब्दांतून निष्पन्न होते. मिळविण्यात ती कोठेच कमी पडली नाही. मिळविलेले कोठे ठेवले आहे, हे मात्र तिने वेळेवर पाहिले नव्हते.

मला यातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी वाटते, की हे अज्ञान एखाद्या अबलेचे नव्हते. मानेची हाडे मोडूनही पाण्यात परतणारी, चित्रसंस्थेच्या प्रमुखापुढे अटी मांडणारी ही बाई. तिला हिशेब समजला नसता असे कोण म्हणेल? घरात विश्वास होता, कामाचा रगाडा होता, मुले लहान होती, आणि 'ते पाहतात ना' एवढे तीन शब्द पुरेसे होते. हे तीन शब्द इंग्रजीत असोत वा मराठीत, त्यांचा अर्थ एकच असतो.

आपल्या घरांतून हे शब्द आजही ऐकू येतात, हे नाकारून चालणार नाही. आपल्या कित्येक पेढ्यांत घरच्या स्त्रियांची नावे भागीदार म्हणून आहेत. कराच्या सोयीसाठी, कर्जाच्या तारणासाठी, कधी शुभ म्हणून. सूनबाई पदवीधर असते, प्रसंगी सनदी लेखापालही असते. तरी ताळेबंदावर सही करताना कागद तिच्यापुढे शेवटच्या पानावरच उघडलेला येतो. आणणाऱ्याच्या मनात कपट नसते. घाई असते आणि सवय असते. ज्या घरात पती अकाली गेला आणि पत्नीला येणे किती, देणे किती, कोणाकडे किती उधारी, तिजोरीची दुसरी किल्ली कोठे, हे काहीच ठाऊक नव्हते, असे निदान एक घर प्रत्येक वाचकाने पाहिलेले असेल. अशा वेळी देणेकरी दारात लवकर येतात आणि ऋणकोंची स्मरणशक्ती मंद होते.

हिशेब दाखविणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्या पूर्वजांनी दिवसाचा रोजमेळ रात्री जुळवल्याखेरीज दिवा मालवला नाही, तो काही मुनिमावर संशय होता म्हणून नाही. चूक प्रामाणिक माणसाकडूनही होते, आणि दोन डोळ्यांपेक्षा चार डोळ्यांना ती लवकर दिसते, एवढाच त्यामागचा विचार होता. ते आणखी दोन डोळे घरातच असताना ते झाकून ठेवण्यात कोणता लाभ?

एस्थरची कथा तिथेच संपली असती तर हे सदर मी वाचक-भगिनींच्या अटीखाली आणले नसते. शेवटी सर्वांनी हसून उठायचे आहे. ती पुन्हा उभी राहिली, आणि ज्या गोष्टीवर कोणालाही ताबा सांगता आला नव्हता त्या गोष्टीच्या बळावर. ती गोष्ट म्हणजे तिचे नाव. घरोघरी बसविण्याचे तरणतलाव तिच्या नावाने विकले गेले आणि पुढे स्त्रियांसाठी पोहण्याच्या पोशाखांची मालिकाही तिच्या नावाने निघाली. म्हणजे 'नेपच्यून्स डॉटर'मध्ये तिने जो धंदा पडद्यावर केला होता, तोच तिने उतारवयात प्रत्यक्षात केला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये समूहबद्ध जलनृत्याचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवर त्याचे समालोचन करण्यास तिला बोलावण्यात आले. ज्या ऑलिंपिकने तिला १९४० मध्ये दारातून परत पाठविले, त्याच्या अंगणात तिनेच लोकप्रिय केलेली कला चव्वेचाळीस वर्षांनी उतरली होती. २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी तिचे निधन झाले.

तेव्हा भगिनी, आपला रविवार या चित्रपटाला अवश्य द्या. रेड स्केल्टनची घोड्यावरची फजिती मुलांना आवडेल, वेण्यांतील तेलाचे रहस्य सासूबाईंना सांगा, आणि ईव्हने भागीदारी स्वीकारण्याचा प्रसंग येईल तेव्हा यजमानांकडे एकदा सहज पाहा. चित्रपटात व्यापार नको ही आपली अट मोडल्याबद्दल क्षमा असावी. चहा झाल्यावर, सर्वांची मने प्रसन्न असताना, आपण केवळ एवढेच म्हणा : 'यंदाची खतावणी आज मलाही पाहायची आहे.' पहिल्या दिवशी सर्व समजणार नाही. येणे कोणाकडे आणि देणे कोणाचे, एवढी दोन पाने समजली तरी पुष्कळ झाले. टॉवेल मोजता मोजता ती मुलगी पोहायला शिकली, तसेच हेही आहे.